नख्या आणि मांडवाचा शेवटचा खांब

मागल्या वर्षी आमच्या कुळाच्या मेळाव्यात एक स्मरणिका वाटण्यात आली. तिच्यात माझ्या पुतण्याने माझ्यावर दोन पाने लिहिली आहेत. पुतण्या सज्जन आहे आणि माझ्याविषयी त्याला आदर आहे, हे मी नाकारत नाही. परंतु त्या दोन पानांत सहा विधाने आहेत आणि त्यांपैकी पाच चुकीची आहेत. मी अजून हयात आहे, हे सहावे विधान तेवढे खरे.

तो लिहितो की आडवी गिटार मला चिंचपाड्याच्या दवाखान्यात राहणाऱ्या कोणा परदेशी बाईंनी शिकवली. मी चिंचपाड्याला आयुष्यात एकदा गेलो, तो आईचे डोळे दाखवायला. तीन दिवस आवारातल्या झाडाखाली बसलो आणि विहिरीच्या रहाटाखेरीज दुसरे कसलेही वाद्य ऐकले नाही. तो लिहितो की माझ्या बोटांतल्या नख्या शहाद्याच्या कल्हईवाल्याने घडवल्या. घडवल्या नाहीत. तो पुढे असेही लिहितो की बहिणीच्या लग्नात माझा सूर तापी ओलांडून पलीकडच्या गावात ऐकू गेला. तापीचे पात्र ज्याने पाहिले आहे, त्याने असे लिहू नये.

मी स्वतःविषयी कमी बोलणारा माणूस नाही. परंतु जे माझे नाही ते माझ्या नावावर टाकलेले मला खपत नाही, आणि जे माझे आहे ते दुसऱ्याच्या नावावर गेलेले तर मुळीच खपत नाही. म्हणून घडले तसे लिहितो.

नंदुरबार जिल्हा तेव्हा नव्हता. आमच्या मुलखाला पश्चिम खानदेश म्हणत. आमचे गाव शहाद्याच्या अलीकडे, तापीकाठी. शेतात कापूस आणि ऊस. मी विशीत होतो आणि धडगावच्याही पुढे, सातपुड्यातल्या एका पाड्यावर शाळामास्तर होतो. शहाद्याहून लाकडाच्या ट्रकमध्ये बसून घाट चढायचा आणि पुढे चालत जायचे. माझे मामा सुरतेला कापडगिरणीत होते. त्यांच्या खोलीत एका सोबत्याने सोडून दिलेली गिटार पडून होती. ती त्यांनी मला वापरायला दिली. विकत दिली नव्हती, बक्षीसही दिली नव्हती. वापरायला दिली होती. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

ज्यांनी हे वाद्य पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. ते मांडीवर आडवे ठेवतात. तारा पाटीपासून उंच उचललेल्या असतात. डाव्या हातात बोटाएवढी गोल, गुळगुळीत पोलादी कांडी धरायची आणि ती तारेवर दाबायची नाही, नुसती टेकवून सरकवायची. उजव्या हाताने तार छेडली की कांडी जिथे जाईल तिथे सूर तिच्यामागून घसरत जातो. माणसाच्या गळ्यासारखा तो चढतो आणि उतरतो. मला ते वाद्य आवडले, कारण मला गळा नव्हता.

उजवा हात मी उघडाच ठेवत असे. गिटारीबरोबर तंबाखूची एक रिकामी डबी आली होती. तिच्यात अंगठ्यात घालायची एक शिंगाची नखी होती आणि बोटांत घालायच्या दोन पितळी. सतारवाल्याच्या बोटात तारेची नखी असते हे मला ठाऊक होते. परंतु ह्या पत्र्याच्या होत्या, पुढे चिमुकल्या पळीसारखे पाते असलेल्या. मी डबी बंद केली आणि फडताळात टाकली. पाड्यावर त्यांची गरजही नव्हती. शाळा सुटली की मी ओसरीवर बसून वाजवी. समोरच्या उतारावर आवाजदेखील नसे. बोटाच्या मांसाने छेडलेला सूर मऊ येई आणि लवकर विरे, पण तेवढ्यात तो समोरच्या टेकडीपर्यंत जाऊन आल्यासारखा वाटे. वर्षभर मी असे वाजवले आणि आपल्याला वाजवता येते अशी माझी खात्री झाली.

दिवाळीच्या सुट्टीत गिटार गावी आणली. संध्याकाळी ओट्यावर बसून वाजवली. वडील गोठ्याच्या दाराशी वैरण तोडत होते. त्यांच्याखेरीज अंगणात गाय, दोन बैल, जात्यावर माय आणि शेजारी भांडण करणाऱ्या दोन जावा इतकी मंडळी होती. मी थांबलो तेव्हा वडील म्हणाले, "सुरू कर ना. कवशीक बठेल शे तू."

"आबा, वाजाडी झायं." वाजवून झाले होते.

"वाजाडी झायं?" त्यांनी विळा खाली ठेवला. "मी आठे बठेल, माले ऐकाले उनं नही, आनि तू म्हनस वाजाडी झायं!"

वडिलांना संगीताचे वावडे होते असे पुतण्याने लिहिले आहे. हे त्याचे चौथे चुकीचे विधान. वडील मोटेवर उभे राहून गात, आणि ते गाणे तीन शेते पलीकडे ऐकू जाई. त्यांचे म्हणणे वेगळे होते आणि मला ते आजही खोडून काढता आलेले नाही. ते म्हणत की चार माणसांपर्यंत पोहोचते ते वाद्य. जे एकट्याने आपल्यापुरते वाजवायचे ते व्यसन, आणि व्यसन माझ्या घरात नको. माघात बहिणीचे लग्न ठरले होते. त्यांनी अट घातली. हळदीच्या दिवशी मांडवात वाजव. मी मांडवाच्या शेवटच्या खांबाशी उभा राहीन, तिथपर्यंत सूर आला पाहिजे. "तठलगुन उनं तं ते तुन्हं. नही उनं तं मामानं मामाले वापस."

मामा लग्नाला येणारच होते. बहिणीला ही अट म्हणजे गंमत वाटली. "दादा, मन्हा मांडवमा तू वाजाडशी ना?" एवढेच तिने विचारले. मी "वाजाडसू" म्हणालो. आमचा मांडव केवढा असतो हे तेव्हा माझ्या डोक्यात नव्हते.

सुट्टी संपवून मी पाड्यावर परतलो आणि फडताळातली डबी काढली.

पहिली चूक मी लपवत नाही. नख्या मी नखांच्या बाजूने घातल्या. वाघाचा पंजा जसा असतो तसे पाते नखावरून पुढे काढले आणि तारा ओरबाडू लागलो. आठ दिवस मी असा पंजा वाजवला. आवाज मोठा येई, पण चिरका. आणि प्रत्येक छेडीला नखी मागे उलटे. ही चूक मला कल्हईवाल्याने दाखवली असे लोक सांगतात. ती माझी मीच शोधून काढली. नवव्या दिवशी पाते उन्हात धरले असता दिसले की त्याची आतली बाजू काळवंडलेली आहे आणि बाहेरची बाजू टोकाशी घासून लखलखीत झालेली आहे. माझ्या पद्धतीने तार आतल्या बाजूला लागत होती. म्हणजे आधीच्या मालकाने ती उलट घातलेली असली पाहिजे: कडी बोटाभोवती आणि पाते बोटाच्या मांसल पोटावरून वळलेले. तशी घातली आणि पहिल्याच छेडीला सूर काचेसारखा स्वच्छ निघाला. त्या दिवशी मी मुलांना एक तास आधी सुट्टी दिली. वरिष्ठ आता हयात नाहीत, म्हणून लिहायला हरकत नाही.

सूर सापडला, पण हात हरवला. नखी घातली की बोटाला तार कळत नाही. उघड्या बोटाला तार कुठे आहे, किती ताणलेली आहे, अजून थरथरते आहे की निजली, हे सगळे समजते. नखी घातल्यावर तो दुसऱ्याचा हात होतो. मी शेजारची तार छेडू लागलो. छेडलेल्या तारा निजेनात. एक सूर संपण्यापूर्वी दुसरा त्याच्या अंगावर पडे आणि मधमाश्यांचे पोळे उठल्यासारखा गलका होई. पूर्वी बोटेच तारा निजवीत असत. आता तळहाताची मनगटाजवळची कड तारांवर टेकवून त्या निजवाव्या लागतात, हे कळायला दोन आठवडे गेले. तेही मला कोणी सांगितले नाही.

तिसरी अडचण थंडी होती. सातपुड्यात माघातली सकाळ बोचरी असते. थंडीत बोट बारीक होते आणि नखी सैल फिरते; दुपारी तीच नखी बोट आवळते. सकाळी मी कडी चिमटून घट्ट करी आणि दुपारी पुन्हा उकली. अशाने पितळ तुटेल ही भीती होती, म्हणून शेवटी तो नाद सोडला. लग्नासाठी गावी उतरलो तेव्हा नख्या थोड्या सैल होत्या, पण वाजत होत्या.

हळदीच्या दिवशी मांडव पाहिला. पुढच्या ओट्यापासून मागे गुरांना पाणी पाजायच्या हाळापर्यंत चौदा जोड्या खांब. वर जांभळाच्या फांद्या आणि त्यांवर ताडपत्री. शेवटचा खांब हाळापासून चार पावलांवर. हाळाच्या बाजूला चिंचेखाली शहाद्याचा कल्हईवाला भाता लावून बसला होता, कारण जेवणावळीची सगळी तांब्यापितळेची भांडी लग्नाआधी कल्हई करून घ्यायची आमच्याकडे रीत होती. गाव त्याला चाचा म्हणे. वयाने वडिलांच्या बरोबरीचा, आमच्याशी अहिराणीत बोलणारा. पातेल्यांना मात्र उर्दूत दटावणारा.

दुपारी हळद लागली. आमच्याकडे नवरीला हळद लावून झाली की उरलेली तेलात कालवून घरच्या माणसांना फासतात, आणि नवरीच्या भावाला कोणी सोडत नाही. आत्या आणि दोन माम्यांनी मला गोठ्यात गाठले. तोंड, मान, दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे झाले. मी राखेने हात धुतले, मग साबणाने, मग पुन्हा राखेने. तेल जाईना. नखी बोटात घातली की पाण्यातल्या मासळीसारखी निसटे. मांडवात माणसे बसत होती आणि वडील शेवटच्या खांबाकडे चालत निघाले होते.

आता दुसरी चूक. ती फक्त उसाच्या गावातला माणूसच करील. परसात काकवीचे मडके होते. गुऱ्हाळावर वाढलेल्या माणसाला काकवी म्हणजे काय चिकटते हे सांगावे लागत नाही. कंदिलाची काच तडकली की आम्ही काकवीनेच कागद डकवत असू. मी तीनही नख्यांच्या कड्यांना आतून काकवी लावली आणि घातल्या. परसाच्या सावलीत हात झटकून पाहिला. जागच्या हलल्या नाहीत. स्वतःच्या अकलेवर मी फार खूश झालो.

मांडवात बसलो. पहिले सहासात सूर असे गेले की गप्पा थांबल्या. मी ते स्वतः ऐकले आहेत आणि त्याविषयी कोणाचीही साक्ष मला नको. मग ताडपत्रीखालचा उबारा, दीडशे माणसांची धग आणि माझा घाम यांनी काकवी पातळ केली. आधी अंगठ्याची नखी फिरून आडवी झाली. मी ती सरळ केली, तेव्हा काकवी तारांना लागली. डाव्या हातातली कांडी सरकत सरकत तिथे पोचली आणि अडकली. सरकणाऱ्या वाद्याची कांडी अडकली म्हणजे काय आवाज येतो तो कागदावर लिहिता येत नाही. पुढच्या रांगेतून आत्याचा आवाज आला, "कोना पायखाल मांजर उनी रे?"

मांडव हसला. बहीण हळदीच्या पाटावर बसून हसली. त्याच क्षणी पहिल्या बोटातली नखी उडाली.

ती नखी कुठे पडली याविषयी गावात तीन मते आहेत. हळदीच्या ताटात पडली, बहिणीच्या ओटीत पडली, पाटलांच्या पानाच्या डब्यात पडली. ती माझ्या डाव्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर सतरंजीवर पडली आणि मी ती उचलून खिशात टाकली. माझा चुलतभाऊ आजही सांगतो की माझ्या हातावर मुंग्या चढल्या आणि मी वाजवता वाजवता नाचलो. मुंग्या दुसऱ्या दिवशी गिटारीच्या खोळीला लागल्या होत्या, ही गोष्ट खरी. माझ्या हाताला मुंगी लागली नाही आणि मी नाचलो नाही.

वडील माणसांतून वाट काढत माझ्यापर्यंत आले. रागावलेले नव्हते. "शेवटना खांबले काय उनं, सांगू का? तुन्ही आत्याना आवाज उना. तुन्हं नही." मग मामांकडे वळून म्हणाले, "पाव्हना, जाशात तवय हाई लई जा."

मामांनी मान हलवली. मांडव लग्नानंतर तिसऱ्या दिवशी उतरायचा होता आणि त्याच दिवशी मामा नंदुरबारच्या स्टेशनाकडे निघणार होते. म्हणजे माझ्याजवळ चार दिवस होते, आणि त्यांपैकी एक लग्नाचा.

तारा पुसायला पाणी हवे म्हणून मी हाळावर गेलो. चाचाने भात्यावरचा हात न थांबवता विचारले, "मास्तर, बंद कसाले करं?"

"तुम्हले ऐकाले उनं?"

"उनं ना. सहा-सात सूर उनात. मंग मांजर उनी."

हाळ शेवटच्या खांबाच्याही पलीकडे. भाता चालू असताना पहिले सूर तिथपर्यंत पोचले होते. मग वडिलांना ते ऐकू आले नाहीत काय? वडील तेव्हा खांबाकडे जाताना वाटेत पाहुण्यांना रामराम करत थांबले होते आणि खांबाशी पोचले तेव्हा मांजर सुरू झालेले होते, हे मला नंतर मामीने सांगितले. मी त्याबद्दल वडिलांशी कधी वाद घातला नाही. माझ्या आयुष्यात मी न घातलेले वाद बोटावर मोजण्याइतके आहेत. हा त्यांतला एक.

मी खिशातून नख्या काढून दाखवल्या. चाचाने एक हुंगली. "यामा काकवी कोनी टाकी?"

मी हाळात बोटे धुऊ लागलो. त्याने माझ्या तोंडाकडे पाहिले आणि हसणे गिळले. मग माझे बोट धरून चाचपले, कडी घालून फिरवली आणि म्हणाला, "सकायना हात येगळा, दुपारना हात येगळा. तू कोनता हातवरी वाजाडशी ते आधी सांग."

मी म्हणालो, दुपारच्या.

"मंग सकायले येऊ नको. दुपारले ये. माप दुपारना बोटनं लेसू."

दुसऱ्या दिवशी लग्न होते. लागले, पंगती उठल्या, संध्याकाळी बहीण सासरी गेली. जाताना रडता रडता तिने माझ्या कानाशी विचारले, "दादा, ते मामा लई जाई का?" मी म्हणालो, "देखूत." तिला खोटे सांगायचे नव्हते.

तिसऱ्या दिवशी उन्हे डोक्यावर आल्यावर चाचाने काम केले. त्याचा नातू आज शहाद्याला दुकान चालवतो आणि आजोबांनी घडवलेल्या नख्या म्हणून एक चौकट भिंतीवर दाखवतो. मी चष्मा लावून ती पाहिली आहे. ती शिंप्याची अंगुस्ताने आहेत. चाचाने माझ्यासाठी काही घडवले नाही. होते ते दुरुस्त केले. पण ते कसे केले हे नातवाला माहीत असते तर त्याने चौकट कधीच उतरवली असती.

त्याने नखी चिमट्यात धरून निखाऱ्यावर तापवली. आत नवसागराची चिमूट टाकली. पांढरा धूर निघाला. मग कथलाची कांडी कडीच्या आत टेकवली आणि वितळलेले कथील कापसाच्या बोळ्याने एका झटक्यात आतल्या बाजूने फिरवले. पातेल्याला करतात तेच, फक्त बोटाच्या पेरात मावेल एवढ्या जागेत. एक थर झाला की पाण्यात बुडवून माझ्या बोटात घाली, फिरवून पाही, काढून पुन्हा तापवी. पहिल्या बोटाला तीन थर लागले, दुसऱ्याला दोन. शेवटचा थर त्याने मुद्दाम पूर्ण पुसला नाही. आत बारीक खरखर ठेवली. "आते तेल लाव नही तं तूप लाव," तो म्हणाला. अंगठ्याची नखी शिंगाची. ती निखाऱ्यावर धरता येत नव्हती. तिच्यासाठी कढत पाणी, चाचाचा अंगठा आणि दोन शिव्या एवढे पुरले.

मी त्याच्या हाताकडे पाहत होतो. कथील फिरवताना तो बोळा दाबत नव्हता. दाबला असता तर कथील निघून पितळ उघडे पडले असते. नुसते टेकवायचे आणि निघून जायचे. माझ्या मनात आले की डाव्या हाताने आपण कांडी अशीच नुसती टेकवतो. मग उजव्या हाताने कुदळ का मारतो? नखी आली म्हणून मोठा आवाज काढायला मी तार खणत होतो. ते मी त्याला बोलून दाखवले तेव्हा तो म्हणाला, "माले वाजाडानं काय समजस? मी भांडा पुसस."

म्हणून मी म्हणतो की चाचाने मला वाजवायला शिकवले असे लिहिणे खोटे आहे. त्याने शिकवले नाही. मी त्याच्याकडून शिकलो. हा फरक ज्याला समजत नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही. म्हणजे घालतो, पण लवकर थांबतो.

ती उरलेली दुपार आणि पुढचा दिवस मी ऊस निघून गेलेल्या शेतात, पाचटाच्या ढिगाला टेकून हात बसवला. नुसते टेकवायचे आणि निघून जायचे. तळहाताची कड ठेवायची, उचलायची. पाते तारेवरून निसटले पाहिजे, अडखळता कामा नये. दुसऱ्या दिवशीच्या तिसऱ्या प्रहरी तो दुसऱ्याचा हात माझा झाला. म्हणजे पुरता झाला असे नाही, ओळखीचा झाला.

मांडव उतरायच्या दिवशी सकाळपासून वडील आणि दोन गडी ओट्याकडून सुरुवात करून खांब काढत होते. ताडपत्री घडी करून ठेवलेली, जांभळाच्या फांद्यांचा ढीग, सुंभाच्या दोऱ्यांचे वेटोळे. मामांची बैलगाडी जेवणानंतर निघायची होती. गिटारीची खोळ धुऊन वाळत घातली होती. वडिलांनी मला पुन्हा वाजवायला सांगितले, असे पुतण्या लिहितो. हे पाचवे. त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आमच्या घरात दिलेला निकाल कोणी उकरून काढत नसे. गिटार खोळीत घालण्यापूर्वी एकदा सुरात लावून द्यावी, मामांकडे ती बेसूर जाऊ नये, एवढ्याच विचाराने मी दुपारी ओट्यावर बसलो. निदान मी स्वतःला तसे सांगितले होते.

तारा लावल्या. नख्या घातल्या, दुपारचे बोट, चपखल बसल्या. आणि वडील मोटेवर म्हणत ती चाल वाजवली. ती चाल कोणी लिहिलेली नाही. बैल उताराला लागले की ती खाली घसरते, मोट ओतली की क्षणभर थांबते, आणि बैल मागे फिरले की हळूहळू वर चढते. ती चाल पडद्यांच्या वाद्यावर बसत नाही, कारण तिच्यात पायऱ्याच नाहीत. मला ती दुसऱ्या कोणत्याही वाद्यावर वाजवता आली नसती.

मध्ये मांडव उरला नव्हता. सत्तावीस खड्डे होते आणि मागे एक खांब. त्या एका खांबाशी वडील पहार घेऊन वाकले होते. ते वाकलेलेच थांबले. मग पहार खांबाला टेकवून सरळ उभे राहिले. माझ्याकडे पाहिले नाही. पाठ करून चालू लागले आणि हाळापाशी, चाचाच्या भट्टीची राख पडली होती तिथे जाऊन उभे राहिले.

चार पावले. ते मोटेच्या विहिरीपर्यंत गेले, असे काही जण सांगतात. वेशीपर्यंत गेले, असे आणखी काही. आता तर तापी ओलांडायची वेळ आली आहे. मी ओट्यावरून पाहत होतो. ती चार पावले होती, आणि मला तेवढी पुरेशी होती. इतरांनी त्यांत भर घालण्याचे कारण नाही.

चाल दोनदा फिरली. मी थांबलो. वडील हाळापासून परत आले. एका गड्याने पहार उचलून खांबाच्या बुडाशी घातली होती. ते त्याला म्हणाले, "तो ऱ्हाऊ दे."

"आबा, एकला खांब? काय कामले?"

"ऱ्हाऊ दे म्हंत ना."

मग ओट्यावर येऊन पाणी प्याले आणि मामांना म्हणाले, "पाव्हना, तुम्ही मोकळाच जा. गाडीमा गर्दी व्हई." सुरतेच्या गाडीला त्या दिवसांत गर्दी कसली! मामा हसले आणि वाळत घातलेली खोळ त्यांनीच काढून माझ्या हातात दिली. बहिणीला मी त्याच आठवड्यात पत्र टाकले. त्यात एकच ओळ लिहिली: ते घरीच आहे.

त्या नख्या मी पुढे पस्तीस वर्षे वापरल्या. आतले कथील दोनदा नवे करून घेतले, दोन्ही वेळा चाचाकडूनच आणि दोन्ही वेळा दुपारी. आता सांधे धरल्यापासून डबीत आहेत.

खांब बरीच वर्षे अंगणात उभा होता. सागवानी होता, वाळवी लागली नाही. आम्ही त्याला म्हैस बांधत असू, म्हणून घरातली नवी पिढी म्हणते की वडिलांनी तो म्हशीसाठीच ठेवला होता. गिटारीचा आणि त्याचा संबंध माझ्या मनाचा खेळ आहे. पुतण्याने हे छापले नाही, पण जेवताना तो हेच म्हणाला. त्याच्यासाठी एवढेच लिहून ठेवतो. मांडव माघात उतरला. म्हैस आमच्याकडे पोळ्यानंतर आली.